परसातलं खुराडं

कोंबडीला दिवसा कोंडून ठेवायचं, ही कल्पना माझ्या आजीला वेडेपणाची वाटली असती. आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीत खुराडं फक्त रात्रीपुरतं असे. तिन्हीसांजेला कोंबड्या डालायच्या, फटफटलं की सोडायच्या. मधला सगळा वेळ त्या गावाच्या. शेजारणीच्या अळवात, गोठ्यामागच्या उकिरड्यावर, झोडणी झालेल्या खळ्यात. कुणाची तलंग कुणाच्या परसात अंडं घालून आली यावरून होणारी भांडणंही त्यात आलीच. जागा कमी आहे म्हणून कोंबड्या पाळता येत नाहीत, असं म्हणणारं घर मला लहानपणी आठवत नाही.

आमचं खुराडं ओट्याच्या जोत्यात होतं. जोतं बांधताना गवंड्याने चिऱ्यांमध्ये पोकळी सोडलेली. आत शेणाने सारवलेलं, तोंडाला फणसाची फळी आणि फळीला टेकवलेला धोंडा. बाजूंना चिरा, खालीही चिरा, त्यामुळे घुशीला उकरायला वाव नव्हता. ज्यांचं जोतं मातीचं, ते बांबूचं डालगं उपडं घालून वर दगड ठेवत, तेही पडवीत, माणसं झोपायची तिथेच. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, असं पहिल्यांदा म्हणणाऱ्याने हे उपडं डालगं रोज बघितलेलं असणार.

हा बंदोबस्त कुणासाठी? रानमांजर आणि कांडेचोर यांच्यासाठी. दोघांचाही भर रात्रीच्या शिकारीवर. पण मुंगूस आणि घार दिवसाढवळ्या येतात, आणि त्यांना अडवायला आमच्याकडे काहीच बांधकाम नव्हतं. होती ती माणसं. खळ्यात भात वाळत घातलेलं, राखायला म्हातारी बसलेली, पोरं आवाठात हुंदडणारी, गोठ्यात कुणी ना कुणी. घारीची सावली जमिनीवरून सरकली की कोंबडी आधी कलकलायची आणि पाठोपाठ आजी ओरडायची.

कोंबडी माणसाजवळ आली तीच मुळी अशा खळ्यामुळे, असं आता संशोधकही म्हणतात. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाळीव कोंबडीची खात्रीलायक अशी सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवीसनपूर्व १६५० ते १२५० या काळातली. भात आणि भरडधान्याची शेती पसरली तशी रानकोंबडी झाडावरून उतरून दाण्यांमागे वस्तीत आली, असं त्यांचं म्हणणं. कोकणातल्या माणसाला हे पटायला हाडांचा पुरावा लागू नये. झाड मात्र ती अजून विसरलेली नाही. संध्याकाळी डालायला उशीर झाला की आमच्या कोंबड्या फणसावर चढून बसत. म्हणून खुराड्यात आडवी दांडी हवीच.

ऐंशीच्या दशकात मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावोगाव फिरू लागलो. तेव्हा सरकारी डोकं जातीवर होतं, खुराड्यावर नव्हतं. मुंबईच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट पैदास केंद्र, गावात सुधारित कोंबडे वाटायच्या योजना, आणि सगळ्यांच्या तोंडी व्हाइट लेगहॉर्न. अंडी भरपूर देणारी, पण पांढरीशुभ्र, म्हणजे घारीला आकाशातून बोलावणंच. शिवाय ती सहसा खुडूक होत नाही. पिल्लं काढणार कोण? बायकांनी लेगहॉर्नची अंडी गावठी कोंबडीखाली रवणाला ठेवून तोडगा काढला, तो कुठल्याही परिपत्रकात नव्हता. अंड्यांचे पैसे बायकांचे असत आणि खुराडंही त्यांच्याच ताब्यात, पण प्रशिक्षणाला बोलावणं यायचं पुरुषांना. हे मला तेव्हाही चुकीचं वाटायचं.

मग जाळी आली. षटकोनी भोकांची ही तारेची जाळी १८४४मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डने यंत्रावर विणायला सुरुवात केली. नॉर्विच हे कापड विणणाऱ्यांचं गाव, आणि त्याचं यंत्रही मागावरूनच सुचलेलं. ही जाळी कोंबडीला बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. कुत्रा ती दातांनी फाडतो, मोठ्या भोकातून मुंगूस आत शिरतं. तरी आमच्याकडे लोक तीच घेतात, कारण ती स्वस्त मिळते आणि बंदिस्त दिसते.

दिवसाचं जाळीबंद आवार आमच्या वाडीत आलं ते घरं रिकामी झाल्यावर. तरुण माणसं मुंबईला, पोरं शाळेत, भात करणारे थोडे, खळं सारवणारं कुणी नाही. ओरडायला आजी उरली नाही, तिच्या जागी जाळी आली. शहराजवळच्या गावांत परसाचे तुकडे झाले, भटकी कुत्री वाढली, शेजाऱ्याने फुलझाडं लावली. त्यात फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले. कोंबडी मोकळी फिरणं ही तेव्हापासून साधी गोष्ट राहिली नाही.

आज कुणी विचारलं तर सांगतो. रात्रीच्या खुराड्यात एका कोंबडीला दोन चौरस फूट पुरतात, आवारात आठ-दहा तरी हवेत. परस लहान असेल तर चारच कोंबड्या पाळा. अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश वापरा, वरूनही झाका, आणि खाली फूटभर जमिनीत पुरा. खुराड्याचं तोंड माणसाच्या झोपायच्या खोलीकडे असावं. खाली भाताचा तूस, कोपऱ्यात अंगावर उडवून घ्यायला चुलीची राख. आणि धोंड्याऐवजी कडी.

जाळी मुंगूस अडवते, मानमोडी अडवत नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊंतल्या राणीखेतला हा रोग आढळला, म्हणून राणीखेत हे नावही आपल्याकडे रूढ झालं. खुराडी एका आठवड्यात ओस पडलेली मी पाहिली आहेत. यावर लस आहे, पण तिची कुपी बहुधा शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा पाणी मिसळलं की दोनेक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ती कुणी फोडत नाही. तेव्हा वाडीतल्या घरांनी आपापल्या कोंबड्या मोजून एक दिवस ठरवावा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवावं, आणि त्या सकाळी कोंबड्या सोडू नयेत.