एदलाबाद, मुक्ताईनगर आणि सीडी-४

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. आजोबा 'एदलाबादच्या' बाजाराला जातात आणि नातू मुक्ताईनगरच्या शाळेत. गाव एकच, हे ठाऊक नसलेला माणूस दोन गावे शोधत बसेल. रोगप्रतिकारशास्त्रात १९८० च्या सुमारास नेमके असेच झाले होते.

शिक्षक प्रयोगशाळेत आले, की आम्ही आधी त्यांना रक्ताची साधी रंगवलेली काचपट्टी दाखवतो. लसिकापेशी सगळ्या सारख्याच दिसतात : मोठे गोल केंद्रक, भोवती पेशीद्रवाची बारीक कड. मदतनीस टी-पेशी कोणती आणि बाधित पेशींना मारणारी कोणती, हे डोळ्यांना कळत नाही. फरक असतो पृष्ठभागावरील प्रथिनांत. १९४१ साली हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडालाच चमकणारे रंगद्रव्य जोडले. प्रतिपिंड आपल्या लक्ष्याला चिकटते. योग्य प्रकाश टाकला की ती जागा उजळते. अडचण एवढीच, की प्राण्याच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांत अनेक प्रकारांची सरमिसळ असे. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि कर्कपेशी यांचा संयोग घडवला. अशा एका संकरित पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. (या शोधाचे पेटंटही घेतले गेले नाही!)

मग प्रयोगशाळांतून प्रतिपिंडांचे पीकच आले. एकजण ज्या प्रथिनाला टी-४ म्हणे, त्यालाच दुसरा ल्यू-३ म्हणे. १९८२ मध्ये पॅरिसला संशोधकांनी आपापली प्रतिपिंडे एकत्र तपासली, एकाच प्रथिनाला चिकटणाऱ्यांचे गट केले आणि गटांना क्रमांक दिले. टी-४ आणि ल्यू-३ यांचे झाले सीडी-४.

टी-४ ओळखणारे प्रतिपिंड १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. १९८१ मध्ये लॉस एंजलिसला मायकेल गॉटलिब यांच्याकडे विचित्र न्यूमोनियाचे रुग्ण आले. त्यांच्या रक्तात मदतनीस टी-पेशी जवळजवळ नव्हत्याच. हे रुग्ण चार-पाच वर्षे आधी आले असते, तर आजार दिसला असता; नाहीसे काय झाले, ते मोजता आले नसते. एड्सचा विषाणू पेशीत शिरताना याच सीडी-४ ला धरतो, हे १९८४ मध्ये कळले.

भारतात हा संसर्ग प्रथम आढळला १९८६ मध्ये, मद्रासला, डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांना. पण ती रक्तचाचणी फक्त संसर्ग आहे की नाही, एवढेच सांगते. प्रतिकारशक्ती किती उरली हे पाहायला सीडी-४ पेशी मोजाव्या लागतात. त्यासाठी रक्तात चमकती प्रतिपिंडे मिसळतात. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकामागोमाग एक लेसरसमोरून जातात आणि यंत्र चमक मोजते. निरोगी प्रौढात घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, ती मोजक्या रुग्णालयांत. त्यांत मुंबईचे जे. जे. होते. मुक्ताईनगरच्या रुग्णाने भुसावळला गाडी धरायची आणि सुमारे साडेचारशे किलोमीटर जायचे. रक्ताचा नमुना पाठवावा, तर तो साधारण ४८ तासांत तपासला जायला हवा. एवढे करून आकडा २१० आला आणि गंभीर लक्षणे नसली, तर औषध लांबणीवर पडे. मर्यादा २०० ची होती. ती पुढे वाढत गेली आणि २०१७ पासून आकडा कितीही असो, औषध लगेच सुरू होते. मोजणी मात्र आजही करतात, कारण २०० च्या खाली गेलेल्या रुग्णात क्षय आणि बुरशीचे संसर्ग आधी शोधावे लागतात.