घरीं बांधलेलीं विमानें व त्यांचीं साधनें

ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांतून वैशाखऱ्याच्या वाटेनें नाणेंघाट चढून गेलें म्हणजे माथ्याजवळ सातवाहनकालीन लेणें लागतें. सन १८२८ मध्यें कर्नल साइक्स यानें तें विद्वानांच्या नजरेस आणिलें. लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन कुळांतील स्त्रीपुरुषांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या आतां नाहींत. पावलांच्या कांहीं खुणा तेवढ्या उरल्या आहेत. परंतु सिमुक, नायनिका, सातकर्णी, भायल, हकुसिरि हीं प्रतिमांच्या माथ्यावर खोदलेलीं ब्राह्मी नांवें ओळखलीं गेलीं, आणि त्यांवरूनच त्या रिकाम्या भिंतीवर कोण उभें होतें हें आपण आज सांगूं शकतों. शेजारच्या शहापूर तालुक्यांत माहुलीचा किल्ला आहे. सन १६३६ मध्यें शहाजीराजे येथें वेढले गेले व निजामशाहीचा शेवट झाला. त्या प्रसंगाची खूण किल्ल्याच्या दगडावर शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. पण समकालीन फार्सी तवारिखांनीं तो नोंदून ठेविला आहे. एके ठिकाणीं प्रतिमा गेली व अक्षर राहिलें. दुसऱ्या ठिकाणीं प्रसंग सरला व कागद राहिला.

ह्या दोन जुन्या स्थळांची आठवण एका अगदीं अर्वाचीन विषयाच्या आरंभीं आम्ही देत आहों, याचें वाचकांस नवल वाटेल. विषय आहे तो हौसेनें, स्वतःच्या हातांनीं व घरच्या पैशानें विमान बांधणाऱ्या माणसांचा. ह्या माणसांच्या इतिहासांत प्रतिमा बहुधा टिकत नाहीं. लांकूड, कापड, तार व सरस यांनीं केलेलें यंत्र एक तर मोडतें, नाहीं तर कोठीघरांत कुजतें. मागें राहावयाचे ते फक्त कागद. ते राहिले तर इतिहास राहतो. न राहिले तर त्या जागीं आख्यायिका वाढते. महाराष्ट्रांत ह्या दोन्ही गोष्टींचीं उदाहरणें आहेत.

पहिलें उदाहरण शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांचें. तळपदे हे मुंबईचे पाठारे प्रभु ज्ञातीचे गृहस्थ. वेदविद्या व यंत्रविद्या ह्या दोहोंचा त्यांस नाद होता. त्यांच्याविषयीं सांगितली जाणारी हकीकत बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलीच असेल. सन १८९५ मध्यें त्यांनीं 'मरुत्सखा' नांवाचें विमान गिरगांव चौपाटीवर उडविलें. तें माणसावांचून सुमारें १५०० फूट उंच जाऊन खालीं पडलें. महाराज सयाजीराव गायकवाड व न्यायमूर्ति रानडे तेथें हजर होते. आणि 'केसरी'नें तें वृत्त छापलें. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्यासारख्या थोर पुरुषाच्या नांवावरही ह्या उड्डाणाची साक्ष सांगण्यांत येते.

आतां ही हकीकत आपण ज्या कसोटीनें एखादी सनद किंवा महजर पारखतों त्याच कसोटीस लावून पाहूं. पहिला प्रश्न समकालीनतेचा. १८९५ सालच्या 'केसरी'चा हवाला पुष्कळांनीं दिला. पण अंक, तारीख व मूळ मजकूर समोर ठेवून तो कोणीं सिद्ध केलेला नाहीं. दुसरा प्रश्न साक्षीचा. जी साक्ष पुढें केली जाते ती प्रसंगानंतर कैक वर्षांनीं लिहिलेली आहे. तिसरा प्रश्न वस्तूचा. यंत्र उरलें नाहीं व त्याचें समकालीन छायाचित्रही पुढें आलेलें नाहीं. हजर असलेले बडे लोक, डोळे दिपविणारा आंकडा व पुढें सारें गडप होणें, हीं लक्षणें आपणांस अपरिचित नाहींत. बखरींतून तीं वारंवार भेटतात, आणि तेथें आपण तारतम्य राखूनच वाचतों. विमानाच्या बखरीस निराळा न्याय कां लावावा?

यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेंही विचार करावा लागतो. जड वस्तूनें हवेंत तरंगावयाचें तर थोड्या वजनांत पुष्कळ शक्ति हवी, आणि हीच अडचण त्या काळीं सर्वांस छळीत होती. मरुत्सखा पाऱ्याच्या शक्तीवर चालत असे असें म्हणतात. पारा हा पाण्याच्या सुमारें साडेतेरा पट जड. त्याची वाफ करावयाची तर भट्टी व भांडें हवें, म्हणजे वजनांत आणखी भर पडली. शिवाय ती वाफ विषारी. ही सर्व सामग्री वर उचलून नेणारें यंत्र कसें रचलें होतें, याचा आराखडा पाहिल्यावांचून तें मान्य करितां येत नाहीं.

ह्याच कथेशीं 'वैमानिकशास्त्र' नांवाच्या संस्कृत ग्रंथाचें प्रकरण जोडलेलें आहे, व हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं तें मुद्दाम ध्यानांत घ्यावें असें आहे. ग्रंथ महर्षि भरद्वाजांच्या नांवावर आहे. परंतु तो पं. सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ च्या दरम्यान तोंडीं सांगून लिहविला. त्यांतील आकृत्या १९२३ मध्यें बंगळूर येथील एका नकाशानविसानें काढल्या, आणि इंग्रजी भाषांतरासह तो १९७३ मध्यें म्हैसूर येथें छापला गेला. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९७४ मध्यें, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे प्रभृति पांच अभ्यासकांनीं त्याचें परीक्षण प्रसिद्ध केलें. ग्रंथाची भाषा व रचना वैदिक नसून अर्वाचीन आहे, त्याचा काळ १९०४ च्या मागें नेतां येत नाहीं, आणि शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर ह्या वर्णिलेल्या चारही विमानांत उडण्याचे गुण नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शास्त्र्यांच्या मार्गदर्शनानें तळपद्यांनीं यंत्रें करून पाहिलीं पण तीं उडूं शकलीं नाहींत, असेंही त्याच परीक्षणांत नमूद आहे. भाषेवरून काळ ठरविणें, प्रतीची वंशावळ शोधणें, वर्ण्य वस्तु शक्य आहे कीं नाहीं हें पाहणें, ह्या आपल्याच जुन्या रीती होत. एरोप्लेनच्या शास्त्रज्ञांनीं त्या बिनचूक वापरल्या याचें आम्हांस कौतुक वाटतें.

तथापि, उड्डाण सिद्ध न झाल्यानें तळपदे लहान होतात असें आम्ही मानीत नाहीं. त्या दशकांत जगभर काय चाललें होतें तें पाहावें. फ्रान्सांत क्लेमां आदेर याचें वाफेचें यंत्र १८९० मध्यें जमिनीपासून वीतभर उंचीनें सुमारें ५० मीटर सरकलें. जर्मनींत ऑटो लिलिएन्थाल १८९१ पासून टेकड्यांवरून पंखांनीं तरंगत होता; १८९६ मध्यें अशाच एका उडींत पडून तो वारला. इंग्लंडांत हायरम मॅक्सिम याचें अवजड यंत्र १८९४ मध्यें रुळांवरून क्षणभर सुटलें व मोडलें. अमेरिकेंत लँग्ले याचा सुमारें ११ किलो वजनाचा, माणसावांचूनचा, वाफेवर चालणारा नमुना ६ मे १८९६ रोजीं पोटोमॅक नदीवर ३,००० फुटांहून अधिक अंतर गेला. त्या वेळीं टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हजर होता व त्यानें छायाचित्र घेतलें. ह्या मंडळींत मुंबईचा एक विद्याव्यासंगी गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर खटपट करीत होता, एवढीच गोष्ट आमच्या मतें पुरेशी मानाची आहे. तिला १५०० फुटांचा टेकू द्यावयाची गरज नाहीं.

राइट बंधूंचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. सायकलींचे हे दोन दुकानदारही हौशी कारागीरच. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें विमान प्रथम १२ सेकंद व १२० फूट उडालें. त्याच दिवशींचें चौथें उड्डाण ५९ सेकंद व ८५२ फूट झालें. आंकडे किती लहान आहेत पाहा! परंतु पहिल्या उड्डाणाचें छायाचित्र आहे, ऑर्व्हिलची रोजनिशी आहे, वडिलांस केलेली तार आहे, आणि पंखांच्या प्रयोगांच्या वह्या आहेत. बारा सेकंद शतकभर टिकले ते ह्या कागदांच्या जोरावर.

पुढें घरगुती विमानबांधणीचा जो संप्रदायच निर्माण झाला, त्याचाही पाया कागद हाच. सांतोस द्युमों यानें आपल्या 'दमोआझेल' ह्या चिमुकल्या विमानाचा हक्क राखून न ठेवितां आराखडे खुले केले, व १९१० मध्यें ते एका अमेरिकन मासिकांत छापले गेले. फ्रान्सांत आंरी मिन्ये यानें १९३४ मध्यें पुस्तक लिहून सामान्य माणसास घरीं विमान बांधावयास शिकविलें. शेंकडों लोकांनीं तीं बांधलीं. पण खालीं तोंड झालेलें विमान पुन्हां वर येत नसे, त्यामुळें अनेक बळी पडले. मग विमान वाऱ्याच्या बोगद्यांत ठेवून दोष शोधण्यांत आला. अमेरिकेंत मिनेसोटा प्रांतींच्या बर्नार्ड पीटनपोल यानें फोर्ड मोटारीचें एंजिन बसवून लांकडी विमान केलें. त्याचे आराखडे १९३२ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि त्याच जुन्या नकाशांवरून तसेंच उघड्या बैठकीचें विमान हौशी लोक आजही बांधतात. १९५३ मध्यें मिलवॉकी येथें पॉल पोबेरेझ्नी यानें अशा बांधणाऱ्यांची संस्था काढली. १९७० पासून ऑशकॉश येथें तिचा वार्षिक मेळा भरतो. तिकडे हौशी बांधणी म्हणून विमानास मान्यता हवी असेल तर कामाचा मोठा भाग स्वतः केल्याचें बांधणाऱ्यास दाखवावें लागतें; त्यासाठीं तो आरंभापासून छायाचित्रें व रोजकीर्द ठेवितो. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, शक व स्थळ लिहितो, त्यांतलाच हा प्रकार.

हिंदुस्थानांतही हा नाद जुना आहे. मद्रासेंत हॉटेल चालविणाऱ्या द'आंजेलिस नामक गृहस्थानें स्वतःच्या योजनेचें विमान तेथील सिम्प्सन कंपनीकडून तयार करवून १९१० मध्यें उडविलें. आणि महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर आमचें दुसरें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. कॅप्टन अमोल यादव ह्या वैमानिकानें मुंबईच्या कांदिवली उपनगरांत, चारकोप येथील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. आधींचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते, हा तिसरा. विमान सुटें करून गच्चीवरून खालीं उतरविण्यांत आलें व फेब्रुवारी १९१६ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे फेब्रुवारी २०१६ मध्यें, मुंबईंतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं तें पाहिलें. तळपदे वारले त्या सालास तेव्हां शंभर वर्षें भरत होतीं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें २०१७ मध्यें विमानाची नोंदणी केली, व २०१९ मध्यें उड्डाणाचा परवाना दिला. परवान्याच्या ह्या खटपटींत वर्षें गेलीं हें खरें. पण अर्ज, तपासणी, नोंदणी व परवाना असा जो कागदांचा माग तयार झाला, तोच उद्यांच्या संशोधकाचा आधार आहे. शंभर वर्षांनीं कोणीं विचारलें कीं गच्चीवर खरोखर विमान झालें होतें काय, तर उत्तरास आख्यायिकेची गरज पडणार नाहीं.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची दोन प्रकारची विनंति आहे. पहिली तळपद्यांविषयीं. जुन्या मुंबईकर घराण्यांचे नातेसंबंध ठाणें जिल्ह्यांत दूरवर पसरले होते. शहापूर, मुरबाडकडील वाड्यांतून ट्रंकांत व रुमालांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचीं वर्तमानपत्रें, खाजगी पत्रें व हिशेबाच्या वह्या निघणें अशक्य नाहीं. जमिनीचे कागद तेवढे ठेवून बाकीची रद्दी समजून विकण्याची जी चाल आहे, ती थांबविली पाहिजे. सुताराची पावती, रेशमी कापडाचें बिल, चौपाटीवर काय पाहिलें त्याचें चार ओळींचें पत्र, ह्यांपैकीं एक जरी अस्सल कागद मिळाला तरी तो आजवरच्या सर्व व्याख्यानांहून मोलाचा ठरेल. आणि तो उड्डाणाच्या विरुद्ध साक्ष देणारा निघाला तरी तितक्याच आदरानें जपला पाहिजे.

दुसरी विनंति हयात बांधणाऱ्यांविषयीं. हौशी विमानकार आपलें यंत्र जपतो, पण वह्या फेकतो. चुकलेले नकाशे, मोडलेल्या भागांचीं छायाचित्रें, सरकारी पत्रव्यवहार, हें सर्व त्यानें तारीखवार बांधून एखाद्या ग्रंथालयाच्या हवालीं करावें, व आपण तें आपणहून मागून घ्यावें. पोथी जुनी झाल्यावर शोधण्यापेक्षां नवी असतां जपणें सोपें असतें.

नाणेंघाटांतील शिल्पकारानें प्रतिमेच्या माथ्यावर नांव खोदण्याची तसदी घेतली नसती तर ती भिंत आज मुकी असती. तळपद्यांच्या बाबतींत नांव आपणांपाशीं आहे, प्रतिमा नाहीं. आणि रिकाम्या भिंतीवर आपल्या आवडीची प्रतिमा रंगविण्याचा मोह मोठा आहे. तो आवरून भिंत रिकामीच ठेवणें, व खऱ्या पावलांची खूण सांपडेपर्यंत शोध चालू ठेवणें, हीच त्या हिमती गृहस्थाची खरी सेवा होय.