दंड त्याला, पण भरतं कोण?

कोर्टाने बाईला संरक्षण आदेश दिला आणि नवऱ्याने तो मोडला, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिक्षा आहे : एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा दंड जातो कुठे? एरवी सरकारी तिजोरीत. त्यातून बाईला भरपाई द्यायची, तर कोर्टाला तसा आदेश करावा लागतो.

अमेरिकेने १९८४ साली वेगळी वाट धरली. केंद्रीय गुन्ह्यांमधल्या दंडाचा एक निधी केला आणि त्यातून पीडितांसाठीच्या सेवांना पैसा दिला. त्याच वर्षी मुंबईत, पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात, टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. चौकीत समाजसेविका बसू लागली, पण तिच्या पगाराची सोय आरोपींच्या दंडातून झाली नाही.

आपण भर दिला तो माफीवर. १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, मालमत्ता, हिंसा आणि घटस्फोटाच्या दाव्यांत बायकांची कोर्ट फी माफ झाली. १९९५पासून देशभर बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. २००५च्या कायद्याने आदेशाची प्रत फुकट केली. मार्च २०२३पासून एसटीचं तिकीटही अर्धं झालं.

माफीने कोर्टाचं दार उघडतं. पण रात्री मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या बाईला आधी छप्पर लागतं आणि छपराला रोजचा खर्च असतो. नगरमध्ये १९८९पासून काम करणारं स्नेहालय मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर उभं राहिलं. सरकारची ‘सखी’ केंद्रं २०१५पासून आली, ती निर्भया निधीतून, म्हणजे अर्थसंकल्पातून.

मग दंडाचाच पैसा निवाऱ्याला का देऊ नये? ऐकायला न्याय्य वाटतं. पण पाथर्डी-जामखेडकडची ऊसतोड आठवा. तिथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल नवरा घेतो, ती फेडायला राबतात दोघं. त्याला झालेला दंड त्याच उचलीतून भरला, तर तो निम्मा तिच्याच घामाचा. मार तिने खाल्ला, दंडही तिनेच भरला.

शिवाय दंडाचा भरवसा नाही. अमेरिकेत वसुली घटली तसा निधीही आटला, आणि २०२१मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला.

म्हणून दंड झालाच, तर तो आधी तिच्या हातात पडावा. निवाऱ्याचा खर्च मात्र रस्ता आणि दवाखान्यासारखा सरकारी बजेटमध्येच हवा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. एका कर्त्या राज्यकर्तीचं नाव घेतलेल्या जिल्ह्यात बाईचा निवारा देणगीच्या पावतीवर अवलंबून राहू नये.