तडा आहेच, असं धरून चला

हिंगोलीला रेल्वे आली 1912 साली, निजामाच्या राज्यात, पूर्णेहून. मीटरगेजची ब्रॉडगेज व्हायला 2008 उजाडलं. मधली कित्येक दशकं वाफेच्या इंजिनांची.

त्या इंजिनाची भट्टी म्हणजे पेटीत पेटी. आत आग, दोन्ही पेट्यांच्या मध्ये उकळतं पाणी. त्यांना धरून ठेवायला शेकडो स्टे-बोल्ट. आग पेटली की आतली पेटी बाहेरच्या पेटीपेक्षा जास्त फुगते आणि बोल्ट किंचित वाकतात. विझली की सरळ होतात. हजारो वेळा असं झालं की धातू थकतो, तडा जातो. बरेच बोल्ट तुटले तर बॉयलर फुटू शकतो, आणि ड्रायव्हर-फायरमन उभे असतात अगदी शेजारी.

यावर जुनी युक्ती होती. बोल्टच्या बाहेरच्या टोकात मधोमध एक बारीक छिद्र पाडून ठेवायचं. तडा छिद्रापर्यंत पोचला की तिथून वाफ येते. बोल्ट स्वतःच सांगतो.

जेट इंजिनात असं छिद्र पाडून भागत नाही. 1953-54 मध्ये मॅन्सन आणि कॉफिन या दोन अमेरिकनांनी स्वतंत्रपणे सूत्र मांडलं: दर फेरीत धातूला किती कायमचा ताण बसतो, त्यावरून तो किती फेऱ्या टिकेल. 1961 मध्ये पॉल पॅरिसनं प्रश्नच बदलला. तडा कधी पडेल हे विचारू नका. असलेला तडा दर फेरीत किती वाढेल ते मोजा. तीन नामांकित नियतकालिकांनी त्याचा लेख नाकारला. शेवटी तो एका विद्यापीठाच्या पत्रिकेत छापून आला. तापलेल्या धातूत मात्र नुसत्या फेऱ्या मोजून चालत नाही. तड्याच्या टोकाशी ऑक्सिजन शिरतो, धातू ताणाखाली हळूहळू लांबतो. म्हणून तास आणि तापमानही हिशेबात येतं.

याचा उपयोग काय? टर्बाइनच्या चकत्यांसाठी जुना नियम असा होता: हजारांतल्या एकीत सुमारे 0.8 मिलिमीटरचा तडा असेल, असा अंदाज आला की हजारही बाद. म्हणजे 999 धडधाकट चकत्या भंगारात. 1980च्या दशकात अमेरिकी हवाई दलानं नियम बदलला. प्रत्येक चकती तपासायची. तडा दिसला नाही तरी, आपल्या उपकरणाला दिसणार नाही एवढा तडा आहेच, असं धरायचं. तो धोकादायक होण्याच्या आधीच चकती पुन्हा तपासणीला बोलवायची.

मी सॉफ्टवेअर लिहितो. रिलीजच्या रात्री आम्ही म्हणतो, "बग नाहीत." खरं तर म्हणायला हवं, "सापडले नाहीत." बोल्टला छिद्र पाडणाऱ्यानं तो तुटणार हे आधीच मान्य केलं होतं. म्हणूनच तो वेळेवर सांगू शकला.