तळटीप : ‘एका वाचकाचे पत्र’

* मूळ लेखात ज्याचा केवळ ओझरता निर्देश आहे, ते पत्र लंडनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या फेब्रुवारी १९४५ च्या अंकात प्रसिद्ध झाले. लेखक आर्थर सी. क्लार्क त्या समयी ब्रिटिश हवाई दलात रडारच्या कामावर होते. जर्मनांनी संहारार्थ निर्मिलेला व्ही-२ अग्निबाण युद्धोत्तर काळी आयनांबराच्या संशोधनास जुंपावा, हा पत्राचा मुख्य मजकूर. परंतु पृथ्वीच्या परिवलनाशी गती जुळल्यामुळे आकाशात एकाच ठिकाणी स्थिर भासणारे तीन कृत्रिम उपग्रह परस्परांपासून १२० अंशांवर ठेविल्यास अवघ्या भूगोलास दूरचित्रवाणीचे क्षेपण पुरविता येईल, ही जी कल्पना त्यांनी अखेरीस मांडली, तिच्यामुळेच ते पत्र चिरस्मरणीय ठरले. शास्त्रीय मासिकांतील वाचकांचा पत्रव्यवहार म्हणजे निव्वळ भरताड, हे मूळ लेखकाचे मत प्रस्तुत संपादकास या एका दाखल्यावरूनही सर्वथैव अग्राह्य वाटते. ऑक्टोबरच्या अंकात क्लार्क यांनी तीच कल्पना स्वतंत्र लेखाद्वारे तपशीलवार विस्तारिली. तीत उपग्रहांवर माणसांची वस्ती त्यांनी गृहीत धरली होती, ती मात्र अनावश्यक ठरली. हे सारे घडावयास कदाचित अर्धशतक लागेल, असा पत्रातील अंदाज. प्रत्यक्षात सिन्कॉम-३ हा उपग्रह १९६४ सालीच सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिरावला, आणि पुणे जिल्ह्यातील आर्वीचे भूकेंद्र १९७१ पासून अशाच उपग्रहाच्या द्वारे परदेशांशी संदेशांची देवघेव करू लागले. — संपादक