दुसरी किल्ली : टी-पेशींच्या एका जुन्या प्रश्नाचा खारघरपर्यंतचा प्रवास

नेट, सेट किंवा पेटची तयारी करताना इम्युनॉलॉजीच्या पुस्तकात को-स्टिम्युलेशन हा विषय अर्ध्या पानात संपतो. पहिला सिग्नल टी-सेल रिसेप्टरचा, दुसरा सीडी२८ चा. पाठ केलं की झालं. पण हे अर्धं पान लिहायला संशोधकांना कित्येक दशकं लागली, आणि त्याच्याच जोरावर आज आपल्या महाराष्ट्रात कर्करोगाचे दोन नवे उपचार उभे राहिलेत. पीएच.डी.ला विषय शोधणाऱ्यांनी हा इतिहास एकदा सलग वाचायला हवा, म्हणून हा लेख.

अडचण काय होती?

आपल्या शरीरातल्या प्रत्येक टी-पेशीवर वेगळा रिसेप्टर असतो. तो जनुकांच्या तुकड्यांची उलटसुलट जुळणी होऊन बनतो. म्हणजे त्यातले काही रिसेप्टर स्वतःच्याच प्रथिनांना चिकटणारे निघणार, हे ठरलेलंच. अशा पुष्कळ पेशी थायमस ग्रंथीतच मारल्या जातात, पण सगळ्या नाही. मग उरलेल्या पेशी आपल्याच शरीरावर का तुटून पडत नाहीत?

१९७० साली पीटर ब्रेचर आणि मेल्विन कोन यांनी एक कल्पना मांडली: पेशीला जागं व्हायला दोन सिग्नल लागतात, आणि नुसता एकच मिळाला तर ती उलट निष्क्रिय होते. त्यांचा विचार मुख्यतः अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींबद्दल होता. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात केव्हिन लॅफर्टी आणि अ‍ॅलिस्टर कनिंगहॅम यांनी हीच दिशा टी-पेशींकडे वळवली. लक्षात घ्या, तेव्हा दुसरा सिग्नल देणारा रेणू कुणाच्याही हातात नव्हता. होता फक्त तर्क.

बँकेच्या लॉकरचं उदाहरण घ्या. तुमची किल्ली एकटी चालत नाही, बँकेचीही लागते. टी-सेल रिसेप्टर ही पहिली किल्ली, को-स्टिम्युलेटरी रिसेप्टर ही दुसरी.

एकाच किल्लीने काय होतं?

लॉकरची उपमा इथपर्यंतच पुरते. एका किल्लीने लॉकर नुसता बंद राहतो, टी-पेशी मात्र जाम होते. १९८७ मध्ये मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी हे दाखवलं. त्यांनी अँटिजेन दाखवणाऱ्या पेशी रसायनाने स्थिर केल्या. अँटिजेन दिसत होतं, पण या पेशी दुसरा सिग्नल देऊ शकत नव्हत्या. टी-पेशी वाढल्या नाहीतच, शिवाय नंतर चांगल्या पेशींबरोबर ठेवल्या तरी प्रतिसाद देईनात. या अवस्थेला अनर्जी म्हणतात.

कर्करोगाचा संबंध इथे येतो. बहुतेक गाठींच्या पेशींवर दुसरी किल्ली फिरवणारे बी७ रेणू नसतात. त्यामुळे गाठ समोर दिसत असूनही टी-पेशी गप्प बसू शकते.

एकाच कुळातले दोन उलट भाऊ

पुढची काही वर्षं फार गडबडीची. सीडी२८ हा दुसरा सिग्नल देतो हे स्पष्ट झालं. १९९० मध्ये पीटर लिन्सली यांच्या गटाने सीडी२८ चा जोडीदार बी७ असल्याचं दाखवलं. लगेच १९९१ मध्ये कळलं की सीटीएलए-४ नावाचा दुसरा रिसेप्टर त्याच बी७ ला कितीतरी घट्ट चिकटतो. दिसायला सीडी२८ सारखाच, मग कामही तेच असणार, असं अनेकांना वाटलं.

पण ब्लूस्टोन आणि अ‍ॅलिसन यांच्या प्रयोगशाळांतले निष्कर्ष उलटे आले: सीटीएलए-४ हा ब्रेक आहे. १९९५ मध्ये सीटीएलए-४ चं जनुक काढलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मेले, कारण त्यांच्या टी-पेशी स्वतःच्याच अवयवांत घुसल्या. वाद मिटला. १९९६ मध्ये अ‍ॅलिसन यांच्या गटाने उंदरांत हा ब्रेक अँटिबॉडीने अडवला आणि गाठी विरघळल्या. २०११ मध्ये अमेरिकेत इपिलिमुमॅब हे औषध आलं. जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये शोधलेला पीडी-१ हा दुसरा ब्रेक ठरला. २०१८ चं नोबेल अ‍ॅलिसन आणि होंजो यांना मिळालं.

२०१७ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. पीडी-१ हा पहिल्या किल्लीपेक्षा जास्त करून सीडी२८ चाच सिग्नल बंद करतो. म्हणजे ब्रेकसुद्धा दुसऱ्या किल्लीवरच बसलेला.

लंडनचा धडा

या इतिहासात १३ मार्च २००६ ही तारीख विसरून चालणार नाही. लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ ही अँटिबॉडी दिली गेली. ती सीडी२८ ला पहिल्या सिग्नलशिवायच चालू करणारी होती. दोन तासांच्या आतच सायटोकाइनचं वादळ उठलं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सगळे वाचले. माकडांत ही अँटिबॉडी सुरक्षित दिसली होती. नंतर समजलं की त्या माकडांच्या काही स्मृती टी-पेशींवर सीडी२८ नसतोच, माणसात असतो.

पवई आणि खारघर

इस्रायलमध्ये झेलिग एशार यांनी टी-पेशीला कृत्रिम रिसेप्टर बसवायची युक्ती काढली होती. आज आपण त्याला कार म्हणतो. पण पहिल्या पिढीच्या कारमध्ये फक्त पहिली किल्ली होती. या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकत नव्हत्या. २००४ मध्ये दारिओ कंपाना यांच्या गटाने त्याच साखळीत ४-१बीबी या को-स्टिम्युलेटरी रिसेप्टरचा आतला भाग जोडला. सीडी२८ जोडला तर पेशी जोरात आणि लवकर काम करतात. ४-१बीबी जोडला तर जरा सावकाश, पण जास्त काळ टिकतात आणि लवकर थकत नाहीत.

आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत जो कार बनवला, त्यातही हाच ४-१बीबी आहे. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये तो पहिल्या रुग्णाला दिला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावाने त्याला भारतात मान्यता मिळाली. काही रक्ताच्या कर्करोगांवरच्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. अमेरिकेत २०१७ मध्ये आलेल्या अशाच उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती; इथे ती साधारण एक दशांश झाली.

तरीही ती रक्कम सुरुवातीला चाळीस लाखांच्या घरात होती. औंढा किंवा सेनगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याला एक दशांश म्हणजे स्वस्त, असं सांगून भागत नाही.

वीस मिलिग्रॅमचा प्रश्न

म्हणून टाटा मेमोरियलचा दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण गावोगावी आहेत. पीडी-१ चा ब्रेक अडवणारं निव्होलुमॅब साधारणपणे दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. पण सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं की वजनाच्या दर किलोला ०.३ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत कितीही द्या, टी-पेशींवरचे पीडी-१ जवळपास सारखेच व्यापले जातात.

डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी मग १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. एका गटाला तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं, दुसऱ्याला तीच औषधं आणि तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. एका वर्षानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. हा निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार पूर्ण बरा झाला असा याचा अर्थ नाही. पण ज्याला हे औषध एरवी मिळालंच नसतं, त्याला काही महिने जास्त मिळाले.

आपण यातून काय घ्यायचं?

एक, रेणू सापडण्याआधी प्रश्न नीट मांडला गेला होता. रिसर्च प्रपोजल लिहिताना तंत्राच्या यादीआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून बघा. दोन, रचना सारखी म्हणून काम सारखं असं धरू नका, सीटीएलए-४ आठवा. तीन, प्राण्यातला निष्कर्ष माणसाला लावण्याआधी तो रिसेप्टर दोघांत त्याच पेशीवर आहे का, ते तपासा.

आणि चौथं. किती डोस पुरतो, हा प्रश्न कंपनीला क्वचितच पडतो, कारण त्यात नफा नाही. तो इथल्याच डॉक्टरांना पडला, कारण औषध न परवडणारे रुग्ण रोज त्यांच्यासमोर बसतात. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला मोठी प्रयोगशाळा नसेल मिळत, पण असे प्रश्न आपल्याकडे भरपूर आहेत. विषय शोधताना परदेशी जर्नल चाळाच, पण जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या रांगेकडेही बघा.