कल्याणची शांबरिक खरोलिका

आपल्याकडील चित्रपटाचा इतिहास लिहावयास बसलेला ग्रंथकार बहुधा दोन तारखांवर भिस्त ठेवून निघतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली, ही पहिली. आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला, ही दुसरी. यावरून असा समज रूढ झाला आहे की, कॅमेऱ्याने टिपलेले चित्र हेच या कलेचे मूळ होय, आणि हाताने काढलेले चित्र तीत मागाहून, संगणकाच्या कृपेने, पाहुणे म्हणून आले. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. आणि त्याचा पुरावा मुंबईपासून सुमारे तेहतीस मैलांवर, कल्याणात आहे.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने आपले खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे शंबरासुराची माया; ‘मॅजिक लँटर्न’ला याहून समर्पक नाव क्वचितच सुचले असते. या जादूच्या कंदिलातून सामान्यतः स्थिर देखावे दाखवीत. पटवर्धनांनी एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था अनेक काचांवर रंगविल्या आणि एकाहून अधिक कंदिलांतून त्या भराभर पालटून पडद्यावर टाकल्या. रामायण-महाभारतातील पात्रे अशा रीतीने हालचाल करीत आणि जोडीला निवेदन चाले. पुढे त्यांचे पुत्रही या उद्योगात पडले व खेळ १९१८ च्या सुमारापर्यंत चालू राहिले.

योगायोग असा की, त्याच १८९२ च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे एमिल रेनो याने आपले ‘तेआत्र ऑप्तिक’ उघडले. त्याची युक्ती मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. घर, अंगण इत्यादी देखावा एका कंदिलातून पडद्यावर स्थिर ठेवावयाचा, आणि लांब पट्टीवर रंगविलेली पात्रे दुसऱ्या झोतातून त्यावर नाचवावयाची. आज संगणकावर चित्रणाच्या थरावर रेखाटनाचा थर चढवितात, त्याचे तत्त्व येथे पूर्णपणे आलेले आहे. ल्यूमिए बंधूंचा पॅरिसमधील पहिला जाहीर खेळ व्हावयास तेव्हा तीन वर्षे अवकाश होता.

छायाचित्र आले ते अशा रंगविलेल्या जगात आले. फाळक्यांचेच उदाहरण घ्या. चित्रकला, छपाई व जादू या तिन्ही विद्या हस्तगत करून मग ते चित्रपटाकडे वळले. आगकाड्या एकेक चित्राला किंचित सरकवून त्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ सजीव केली, आणि ‘लंकादहन’ व ‘कालिया मर्दन’ यांत कॅमेऱ्याकडून अशक्य ते करवून घेतले. फाळके हे कॅमेरा हाती आलेले शांबरिकच होत.

यावर कोणी म्हणेल की, खरोलिकेला चित्रपट म्हणणे ही ओढाताण आहे. तीत फिल्म नाही, छायाचित्र नाही आणि प्रत्येक खेळ हातांच्या चपळाईवर अवलंबून. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ‘पहिला मान आमचा’ अशी फुशारकी मारण्यात आम्हांस स्वारस्य नाही. आमचे म्हणणे इतकेच की, दोन निराळ्या चित्रांचा सांधा प्रेक्षकाच्या डोळ्यांस कळू न देणे, ही विद्या कॅमेऱ्याहून वडील आहे. ठाण्यात वा डोंबिवलीत आज जो तरुण हिरव्या कापडापुढे नटाचे चित्रण करून मागे रेखाटलेला किल्ला बसवितो, त्यालाही प्रश्न तेच पडतात: दोहोंवरचा उजेड एकाच दिशेचा आहे ना? पाय जमिनीला टेकलेले दिसतात ना? पात्राची गती देखाव्याशी जुळते ना? यंत्र थर देते. निर्णय डोळ्यानेच करावा लागतो.

तथापि एका बाबतीत हा तरुण आपल्या पूर्वजांहून अधिक धोक्यात आहे. रेनोने निराश होऊन आपल्या बहुतेक पट्ट्या सीन नदीत फेकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपुराच उपलब्ध आहे. कल्याणच्या काचा मात्र पटवर्धन घराण्याने जपल्या, म्हणूनच हे काम कसे होत असे हे आज सांगता येते. संगणकावर सर्व थर एकजीव करून अंतिम चित्र निघाले की सुटे थर जागा अडवितात म्हणून पुष्कळदा पुसून टाकण्यात येतात. मग उरते ते निव्वळ मायेचे फळ. ती माया कशी रचली याचा मागमूस राहत नाही. काच हाताळताना निदान ती फुटेल याची धास्ती असे. येथे नाश एका बोटाने व निःशब्दपणे होतो. या उद्योगात पडलेल्यांनी आपल्या कामाचे सुटे थर, त्यांवरील टिपणांसह, जपून ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी, आणि आमच्या महाविद्यालयांनी ते सांभाळण्याचा भार उचलावा. जे कार्य कल्याणच्या एका घराने केले, ते साऱ्या जिल्ह्यास जड जाऊ नये.